स्वयंपाकघर नव्याने करताना झाडू-मॉपचं कपाट आणि कोठी कशी आखावी

स्वयंपाकघराचं काम काढलं की आधी ओटा, सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्या जागा ठरतात. मग वरची-खालची कपाटं मांडली जातात आणि कोपऱ्यात २५ सेंमीची फट उरते. "इथे झाडू-बिडू राहील" असं म्हणून ती फट आराखड्यात रंगवून टाकतात. पण २५ सेंमी रुंद बॉक्सच्या दोन्ही बाजूंना १८ मिमीचा प्लाय लागला की आत २१.४ सेंमी उरतात. त्यात मॉपची बादली मावत नाही आणि सुपली आडवी जात नाही. शेवटी सगळं दारामागे उभं राहतं. कोठीच्या कपाटाचंही तसंच होतं. ६० सेंमी खोल कपाटात मागच्या रांगेतलं सामान मुदत संपल्यावरच हाती लागतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. उंच आणि ओल्या वस्तूंची जागा आधी काढा, मग रोजच्या कोरड्या सामानाची, आणि उरलेली लांबी ओट्याखालच्या कपाटांना द्या. ओट्याखालचं कपाट १० सेंमी इकडेतिकडे झालं तरी चालून जातं, पण दीड मीटर उंचीच्या मॉपला त्या उंचीची जागा द्यावीच लागते.

पहिली पायरी: सामान बाहेर काढून मोजा

अंदाजाने काढलेला आकडा हमखास कमी निघतो. टेप आणि वही घ्या, साफसफाईचं सगळं सामान एका भिंतीला लावून उभं करा आणि प्रत्येकाची उंची, रुंदी, जाडी लिहा. लांब दांड्याचे झाडू आणि मॉप साधारण १२० ते १५० सेंमी भरतात. उभा कॉर्डलेस व्हॅक्यूम बहुधा ११० ते १३० सेंमीचा असतो. इस्त्रीचा घडीचा टेबल आणि घडीची शिडी यांची उंची मॉडेलप्रमाणे बरीच बदलते, त्यामुळे ती घरातलीच मोजा. बादली मोजताना कडी वर उभी करून मोजा आणि तोंडाचा सर्वांत रुंद भाग धरा. तळाचा व्यास धरला तर बादली शटरला (कपाटाच्या दाराला) अडते.

कोठीच्या सामानाचे उंचीप्रमाणे चार गट पाडा: १२ सेंमीपर्यंतचं, २० पर्यंतचं, ३० पर्यंतचं आणि त्याहून उंच. प्रत्येक गट जमिनीवर एका सरळ रांगेत लावून रांगेची लांबी मोजा. त्या आकड्यात २० ते २५ टक्के मिळवा. सणासुदीचं किंवा महिन्याचं सामान आलं की ही वाढीव जागाच उपयोगी पडते. मोजणी सामान भरलेलं असताना करा, संपत आलेलं असताना नको.

दुसरी पायरी: जागा निवडा

झाडू-मॉपचं कपाट स्वयंपाकघराच्या प्रवेशाजवळ किंवा धुण्याच्या जागेजवळ असावं. ओला मॉप घेऊन शेगडीसमोरून जाण्याची वेळ येऊ नये. कोठी मात्र कामाच्या ओट्याजवळ हवी आणि तिच्या बाजूला निदान ४० सेंमी मोकळा ओटा किंवा टेबल हवं, म्हणजे डबा काढला की टेकवता येतो. ही टेकवायची जागा आराखड्यात राहून जाते. मग उघडे डबे फळीवरच कलते करून त्यातून काढायची सवय लागते आणि सांडलवंड सुरू होते.

कोठीला उष्णतेपासून लांब ठेवा. ओव्हनला किंवा डिशवॉशरला खेटून, फ्रिजची गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला, किंवा दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीला पीठ आणि तेल ठेवलं की ते लवकर खवट होतं. बाहेरच्या भिंतीला लागूनच कपाट घ्यावं लागत असेल तर पाठीमागे १५ ते २० मिमी हवेची फट सोडा. भिंतीत ओल असेल तर ती आधी दुरुस्त करा. कपाटामागे झाकलेली ओल वाढतच जाते.

कपाटासमोर निदान ९० सेंमी मोकळं हवं. दोघं एका वेळी काम करत असतील तर १२० सेंमी धरा. जमिनीवर चिकटपट्टीने कपाटाची रेघ आणि शटरच्या उघडण्याची कमान आखा आणि दोन दिवस तसंच वावरा. फ्रिजचं दार आणि कोठीचं शटर एकमेकांवर आपटणार असतील तर ते इथेच कळतं.

त्या भिंतीवर विजेचा बोर्ड, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह किंवा गॅसचा कॉक असेल तर तो कपाटात बंद करू नका. हात लगेच पोचायला हवा. आणि गॅसची जोडणी हवाबंद कपाटात कधीच ठेवू नये, कारण गळती झाली तर गॅस आत साठत राहतो.

तिसरी पायरी: झाडू-मॉपच्या कपाटाचं आतलं माप

बाहेरून ४५ सेंमी रुंद बॉक्स घेतला की आत ४१.४ सेंमी मिळतात. त्यात एक मॉप, एक-दोन झाडू, सुपली आणि बादली बसते. व्हॅक्यूमही ठेवायचा असेल तर ६० सेंमी घ्या. जागा अगदीच नसेल तर ३० सेंमीतही निभावतं, पण बादलीला दुसरीकडे जागा द्यावी लागते. खोली ३५ ते ४० सेंमी पुरते. शेजारची टॉल युनिट (पूर्ण उंचीची उभी कपाटं) ६० सेंमी खोल असतील तर समोरून एकसारखं दिसावं म्हणून बॉक्स ६० सेंमीचा करतात. तेव्हा पाठीकडे वाया जाणारी जागा बाजूच्या भिंतीवर आकडे लावून वापरा.

पूर्ण उंचीच्या बॉक्सची साधारण विभागणी अशी करता येते: खाली १६० सेंमीचा मोकळा उभा कप्पा, त्यावर एक पक्की फळी, आणि फळीच्या वर क्वचित लागणारं हलकं सामान. उभा कप्पा कपाटाच्या अर्ध्याच रुंदीत ठेवून उरलेल्या अर्ध्यात २५ ते ३० सेंमी अंतराने फळ्या दिल्या तर फडकी, ब्रश आणि बाटल्यांना वेगळी जागा मिळते. त्यासाठी मधे उभी प्लायची पार्टिशन घ्यावी लागते, आणि बॉक्स ६० सेंमीचा असेल तरच हे जमतं.

झाडू आणि मॉप उभे टेकवू नका, टांगा. टेकवलेल्या झाडूचे केस वाकतात आणि मॉपचं कापड तळाशी दमट राहतं. स्प्रिंगच्या पकडीची पट्टी भिंतीच्या बाजूला बसवा आणि तिची उंची वस्तूप्रमाणे ठरवा: मॉपचा तळ जमिनीपासून ५ ते १० सेंमी वर राहील इतकी. सगळ्या पकडी एकाच रेषेत लावल्या तर लहान दांड्याची वस्तू अधांतरी लटकते आणि लांब दांड्याची तळाला लागते. दोन पकडींमध्ये किमान १० सेंमी अंतर हवं. मॉपचं डोकं रुंद असेल तर त्याच्या निम्म्या रुंदीएवढी जागा दोन्ही बाजूंना मोकळी ठेवा.

तळाची फळी हा सर्वांत लवकर खराब होणारा भाग. शक्य असेल तर या कपाटाला तळ देऊच नका. घराची टाइल आतपर्यंत नेऊन बॉक्सच्या बाजू पायांवर किंवा दगडी पट्टीवर उभ्या करा, म्हणजे आत पुसता येतं. तळ द्यावाच लागला तर उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या ग्रेडचा प्लाय घ्या, चारही कडा एज-बँडने (कडेवर चिकटवायच्या पट्टीने) बंद करा आणि वर २ ते ३ सेंमी काठाचा ट्रे ठेवा. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) इथे वापरू नये. एका कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

हवा खेळण्यासाठी शटरला तळाशी आणि माथ्याशी जाळी द्या, प्रत्येकी १५० ते २०० चौरस सेंमीची. एकाच टोकाला दिली तर हवा आत फिरत नाही आणि कपाट उघडलं की कुबट वास येतो. मॉप पिळून, थोडा वाळवून मगच आत ठेवायचा. जाळी असली म्हणून निथळणारा मॉप आत कोंडून चालत नाही.

साफसफाईची द्रावणं कुठे आणि कशी

हा भाग घाईने आटोपू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि आम्लाचं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइनचे विषारी वायू सुटतात. बाटल्या गळतात, झाकणं सैल राहतात, म्हणून ब्लीचचा ट्रे आणि आम्लाचा ट्रे वेगळ्या फळ्यांवर ठेवा. ट्रेचा काठ ५ सेंमी तरी असावा. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बंद कपाटात साचून बिजागऱ्या आणि चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) गंजवते. झाडूच्या कपाटातली बिजागरी दोनेक वर्षांत करकरायला लागली तर बहुतेक वेळा कारण तेच असतं. अशी बाटली शक्य तर हवेशीर बाथरूममध्ये, उंचावर ठेवा.

घरात लहान मूल असेल तर ही फळी १५० सेंमीच्या वर न्या किंवा शटरला कुलूप द्या. खाण्याच्या वस्तूंच्या वरच्या फळीवर द्रावणं कधीही ठेवू नका. झाडूचं कपाट आणि कोठी एकाच टॉल युनिटमध्ये बसवायची असेल तर दोन्हींच्या मधे माथ्यापासून तळापर्यंत सलग उभी भिंत हवी. नुसत्या फळीने वास थांबत नाही आणि पीठ वास पटकन धरतं.

चौथी पायरी: कोठीचा हिशेब

कोठी आखताना खोली कमी ठेवलेली बरी. ३० ते ३५ सेंमी खोल फळीवर दोन रांगा बसतात आणि दोन्ही दिसतात. ४० सेंमीला तिसरी रांग सुरू होते आणि तिथून सामान हरवायला लागतं. ६० सेंमी खोल कपाट घ्यावंच लागलं तर स्थिर फळ्या न देता ड्रॉवर किंवा बाहेर सरकणारे ट्रे द्या.

रुंदी ठरवताना डब्यांचा व्यास समोर ठेवा. समजा, १५ सेंमी व्यासाचे २४ डबे आहेत. काढता-घालता यावेत म्हणून डब्यामागे १६ सेंमी धरू. ६० सेंमीच्या बॉक्समध्ये आतली रुंदी ५६.४ सेंमी, म्हणजे एका रांगेत तीनच डबे आणि ८ सेंमी वाया. ३५ सेंमी खोल फळीवर दोन रांगांत सहा डबे, म्हणजे चार फळ्या लागल्या. तोच बॉक्स ७० सेंमीचा केला तर आत ६६.४ सेंमी मिळतात. एका रांगेत चार, फळीवर आठ, आणि तीन फळ्यांत काम झालं. रुंदी १० सेंमी वाढवली आणि पूर्ण एक फळी मोकळी झाली. हा हिशेब स्वतःच्या डब्यांचा व्यास घालून करा. बॉक्सचं माप कंपनीच्या यादीतल्या ठरावीक आकारांवर सोडून देऊ नका.

दोन फळ्यांमधलं अंतर म्हणजे सर्वांत उंच डबा अधिक ४ सेंमी. ही ४ सेंमी डब्यावरून हात घालून मागचा डबा उचलण्यासाठी असतात. फळ्या हलवता येणाऱ्या ठेवा. बाजूच्या प्लायला ३२ मिमी अंतराने ५ मिमीची भोकं पाडून घेतली की पिना बदलून अंतर बदलता येतं. मधली एक फळी मात्र स्क्रूने पक्की करा, नाहीतर उंच बॉक्सच्या बाजू मधे फुगतात.

उंचीप्रमाणे मांडणी करताना जड सामान गुडघ्यापासून कमरेपर्यंत, रोजचं सामान ७० ते १५० सेंमीच्या पट्ट्यात, आणि १८० सेंमीच्या वर फक्त हलकं आणि क्वचितचं. कांदे-बटाट्यांना जाळीचे, अंधारातले आणि वेगवेगळे ड्रॉवर द्या. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

स्वतंत्र खोलीवजा कोठी करायला जागा असेल तर दोन्ही बाजूंना ३० सेंमीच्या फळ्या आणि मधे ९० सेंमीची वाट, म्हणजे आतली रुंदी किमान १५० सेंमी हवी. १२० सेंमीच मिळत असेल तर एकाच बाजूला फळ्या घ्या. दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारं असावं.

पाचवी पायरी: वजन, फळी आणि चॅनेल

धान्याचं वजन लिटरमागे ७५० ते ८०० ग्रॅम, पीठ त्याहून हलकं, तेल साधारण ९०० ग्रॅम धरा. फळी वाकते ती जाडीपेक्षा लांबीमुळे जास्त. फळीची लांबी दुप्पट केली आणि तितक्याच दाटीने डबे ठेवले तर वाकणं सोळापट होतं. म्हणून १८ मिमी प्लायची फळी जड सामानासाठी ७५ सेंमीच्या पुढे नेऊ नका, पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) असेल तर ६० च्या पुढे नको. त्याहून रुंद हवी असेल तर मधे उभा आधार द्या किंवा पुढच्या कडेखाली ४ सेंमी उंचीची लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रूने लावा. १८ ऐवजी २५ मिमीची फळी घेतली तरी वाकणं ४० टक्क्यांच्या खाली येतं.

ड्रॉवरचं गणित वेगळं. ६० सेंमीच्या बॉक्समध्ये नेहमीचे बाजूला बसणारे चॅनेल प्रत्येकी साधारण १३ मिमी जागा खातात. म्हणजे ५६.४ मधून २.६ वजा, ड्रॉवर बाहेरून ५३.८ सेंमी. बाजू १२ मिमीच्या असतील तर आत ५१.४. त्यात १५ सेंमीचे तीन डबे आणि ५० सेंमी खोलीत तीन रांगा, असे नऊ डबे. प्रत्येक ३ लिटरचा काचेचा डबा तांदळाने भरला तर नऊ डब्यांत साधारण २२ किलो तांदूळ, काचेचे ९ किलो आणि ड्रॉवरचे ५ किलो. एकूण ३६. ३५ किलोचा चॅनेल पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर गेला. तो लगेच तुटत नाही. काही महिन्यांनी ड्रॉवर पुढून झुकतो, शेवटचे दोन-तीन सेंमी ओढून बंद करावे लागतात, मग बॉल-बेअरिंग सुटतात. अशा ड्रॉवरला ४५ किलो किंवा त्याहून वरचा, पूर्ण बाहेर येणारा चॅनेल घ्या आणि जोडीची क्षमता पाकिटावर वाचून घ्या. चॅनेलचे सगळे स्क्रू मारायला सांगा. पुढचे-मागचे दोनच मारले तर क्षमता कागदावरच राहते.

उभं सरकणारं कोठी-युनिट, ज्यात शटरसोबत अख्खी जाळीची मांडणी बाहेर येते, ते १५ ते ३० सेंमीच्या अरुंद जागेत उपयोगी आहे. ४५ सेंमीच्या पुढे ते घेऊ नका. पूर्ण भरलेलं वजन प्रत्येक वेळी ओढावं लागतं आणि एक बाटली काढायला सगळी कोठी हलते.

सहावी पायरी: शटर आणि बिजागऱ्या

शटर ६० सेंमीपेक्षा रुंद करू नका. बिजागऱ्या साधारण ९० सेंमी उंचीपर्यंत दोन, १६० पर्यंत तीन, २०० पर्यंत चार आणि २४० पर्यंत पाच. शटरच्या आत बाटल्यांचे रॅक लावणार असाल तर एक जास्त धरा. त्या रॅकची खोली ८ ते १० सेंमी असते, म्हणून आतल्या फळ्या तितक्या अधिक २ सेंमी मागे घ्याव्या लागतात. हे आधी सांगितलं नाही तर शटर लागतच नाही आणि सुतार फळ्या कापत बसतो.

शटरच्या आत ड्रॉवर असतील तर आणखी एक अडचण येते. साध्या बिजागरीवर शटर काटकोनात उघडलं तरी त्याची जाडी आतल्या मोकळ्या तोंडात थोडी शिरलेली राहते आणि ड्रॉवर तिथे घासतो. उपाय दोन. १५५ अंश उघडणारी, शटर पूर्ण बाहेर नेणारी बिजागरी घ्या, नाहीतर बिजागरीच्या बाजूला २५ मिमीची पट्टी मारून ड्रॉवर तितका अरुंद करा. कोणता उपाय घेणार हे ड्रॉवर कापण्याआधी ठरलं पाहिजे. कपाट भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर भिंतीकडून ५ सेंमीची फिलर पट्टी द्या, म्हणजे हँडल भिंतीवर आपटत नाही.

वीज आणि उजेड

व्हॅक्यूमच्या चार्जरसाठी कपाटात प्लग द्यायचा तर तो डॉकच्या (व्हॅक्यूम अडकवायच्या चार्जिंग स्टँडच्या) कागदावर दिलेल्या उंचीजवळ, बाजूच्या भिंतीवर द्या. मागे मधोमध दिलेला प्लग डॉकखाली झाकला जातो. बॅटरी चार्ज होते त्या कप्प्यात स्प्रेचे डबे आणि ज्वालाग्राही द्रावणं नकोत. कोठीत माथ्यावरचा एक दिवा फक्त वरच्या फळीला उजेड देतो. दोन्ही बाजूंना पुढच्या कडेजवळ उभ्या एलईडी पट्ट्या लावल्या तर सगळ्या फळ्यांवर उजेड पोचतो. एलईडीचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा छोटा डबा) हात पोचेल अशा जागी ठेवा, कारण पट्टीच्या आधी तोच जातो. ही वायरिंग भिंतीला प्लास्टर होण्याआधी काढून घ्यायची असते.

सातवी पायरी: बसवताना

अंतिम मापं टाइल बसल्यावरच घ्या. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून जमीन काही सेंमी वर येते, आणि टॉल युनिटला तेवढा फरक छताशी नडतो. रुंदी तळाशी, मधे आणि वर, अशी तीन ठिकाणी मोजा, सर्वांत कमी आकडा धरा आणि त्यातून १० मिमी वजा करा. ओळंबा लावून भिंत झुकलेली आहे का पाहा.

आडवा पाडून जोडलेला बॉक्स उभा करताना त्याचा कर्ण छताखालून फिरतो. २३५ सेंमी उंच आणि ६० सेंमी खोल बॉक्सचा कर्ण साधारण २४२.५ सेंमी भरतो. छत २४० सेंमीवर असेल तर तो उभाच राहत नाही. याला दोन वाटा आहेत. बॉक्स २३० सेंमीचा करून वरची फट पट्टीने झाकायची, किंवा खालचा आणि वरचा असे दोन बॉक्स करून एकावर एक चढवायचे. पाय किंवा दगडी पट्टी धरून उंची मोजत असाल तर ते वेगळं बसवता येतं का हेही विचारा.

बॉक्स लेव्हलमध्ये आला की माथ्याशी एल-पट्ट्यांनी भिंतीला बांधा. भरलेले ड्रॉवर एकाच वेळी बाहेर आले तर न बांधलेलं टॉल युनिट पुढे कलंडू शकतं. भिंत पोकळ ब्लॉकची किंवा बोर्डची असेल तर स्क्रूचा साधा प्लग धरत नाही. त्या भिंतीसाठी असलेला अँकर घ्या किंवा आतल्या उभ्या चौकटीत स्क्रू मारा. पाइप आणि वायरींची भोकं सिलिकॉनने बंद करा, झुरळं तिथूनच कोठीत शिरतात.

सुताराचं शेवटचं बिल देण्याआधी कोठी खऱ्या सामानाने भरा आणि एक पूर्ण दिवस तशीच ठेवा. प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. जड फळीखाली सरळ पट्टी धरून वाक पाहा. शटरांमधली फट वर-खाली सारखी आहे का बघा. झाडूच्या कपाटात पिळलेला मॉप रात्रभर टांगा आणि सकाळी तळाच्या कडा व बिजागऱ्यांवर हात फिरवा. तिथे दमट लागलं तर जाळी वाढवायला सुतार हाताशी असतानाच सांगा.